लूथरन मंडळीत उपासनेला मदत करायची आणि वर्ग घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी

पाळकांनी उपासनेनंतर बाजूला घेऊन विचारलं की संडे स्कूल आणि कन्फर्मेशनचा (बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी आपला विश्वास मंडळीपुढे कबूल करण्याच्या तयारीचा) वर्ग तुम्ही बघाल का, अधूनमधून उपासनेत शास्त्रवाचन आणि मध्यस्थीची प्रार्थनाही घ्यावी लागेल, आणि तुम्ही हो म्हणालात. आता घरी येऊन बसलाय आणि पहिलं पाऊल कुठे टाकायचं तेच कळत नाहीये. मी हे काम बरीच वर्षं करतेय, त्यातून जे समजलं ते इथे लिहिते. प्रत्येक लूथरन मंडळीत थोडंफार वेगळं असतं, त्यामुळे माझं म्हणणं आणि तुमच्या मंडळीची पद्धत जिथे जुळत नाही तिथे तुमच्या पाळकांचंच ऐका.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. शिकवण एका खोलीत आणि उपासना दुसऱ्या खोलीत असं आपल्याकडे नसतं. रविवारची उपासना हाच मंडळीचा सगळ्यात मोठा वर्ग आहे, त्यात लहान मूल, आजी, काल पहिल्यांदा आलेला माणूस सगळे एकत्र बसतात आणि दर आठवड्याला तेच शब्द ऐकतात, म्हणतात, गातात. तुम्ही वर्गात जे कराल ते या मोठ्या वर्गाची तयारी म्हणून करा. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात, म्हणजे लूथरन विश्वास काय ते सांगणाऱ्या मुख्य लिखाणात, हे सरळ लिहिलंय की उपासनेतले विधी मुख्यतः यासाठी हवेत की ज्यांना माहीत नाही त्यांना ख्रिस्ताविषयी शिकायला मिळावं.

आधी उपासनेचा क्रम पेन्सिल घेऊन वाचा

तुमच्या मंडळीचं उपासनेचं पुस्तक किंवा रविवारी वाटतात तो छापील क्रम घ्या आणि निवांत बसा. प्रत्येक भागापुढे एक बाण काढायचा. देव आपल्याशी बोलतोय किंवा आपल्याला काही देतोय तर बाण खाली, आपण देवाला उत्तर देतोय, मागतोय, त्याची स्तुती करतोय तर बाण वर. एवढंच. पण हे स्वतः करून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण नुसतं वाचून जे कळत नाही ते यात कळतं.

सुरुवात होते पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, हे तेच नाव आहे ज्यात आपला बाप्तिस्मा झाला, म्हणजे दाराशीच आपल्याला आठवण करून दिली जाते की आपण कोणाचे, बाण खाली. मग पापांगीकार, बाण वर. मग पाळक पापक्षमेची घोषणा करतात, बाण खाली, आणि हा बाण जरा जाड काढा. त्यानंतर ‘प्रभो दया कर’ आणि ‘ऊर्ध्वलोकी देवाला गौरव’ ही दोन्ही गीतं वर जाणारी, दुसऱ्याचे पहिले शब्द तर लूकच्या दुसऱ्या अध्यायातल्या देवदूतांचे आहेत, आपण ते उसने घेऊन गातो. दिवसाची प्रार्थना वर. जुन्या करारातलं वाचन, पत्र, शुभवर्तमान खाली. विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणणं, वर. प्रवचन खाली. दानार्पण आणि मध्यस्थीची प्रार्थना वर. मग प्रभूभोजन, तिथे ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हे यशयाच्या सहाव्या अध्यायातून आलेलं गीत वर, पण स्थापनेची वचनं आणि भाकर व प्याला हे सगळं खाली, कारण तिथे येशू स्वतः देतोय. शेवटी शिमोनाचं गीत वर, आणि अहरोनाचा आशीर्वाद, गणनाच्या सहाव्या अध्यायातला, ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे संरक्षण करो’, खाली.

आता कागद लांब धरून बघा. वर जाणारे बाण बरेच आहेत, पण ज्यावर उपासना उभी आहे ते सगळे खाली येणारे आहेत. क्षमा, वचन, भोजन, आशीर्वाद. जर्मन भाषेत उपासनेला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘देवाची सेवा’ असा होतो आणि लूथरन लोक तो मुद्दाम दोन्ही बाजूंनी वाचतात, आपण देवाची सेवा करतो हे आहेच पण त्याच्या आधी देव आपली सेवा करतो. कोणी विचारलं की आमची उपासना इतकी ठरलेली का, त्यात उत्स्फूर्त असं काही का नाही, तर मी हा बाणांचा कागद समोर ठेवते. आपल्याला काय वाटतं त्यावर क्रम चालत असता तर तो दर आठवड्याला बदलला असता, तो चालतो देव काय देतो त्यावर, आणि ते बदलत नाही.

हाच खेळ मुलांबरोबर करा. एका रविवारी सगळा क्रम नको, एका वेळी एक भाग. ‘आज आपण फक्त प्रभो दया कर बघू या, शास्त्रात हे कोण ओरडलं होतं?’ असं विचारा आणि बार्तीमयाची गोष्ट सांगा, मार्कचा दहावा अध्याय. तो आंधळा रस्त्याच्या कडेला बसून ओरडतो, लोक गप्प बस म्हणतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. पुढच्या रविवारी तेच मूल उपासनेत ते गाताना तुमच्याकडे वळून बघेल, अगदी खात्रीने सांगते.

वाचन करताना

वाचन ही छोटी जबाबदारी वाटते पण ती नाही. आठवडाभर आधी मजकूर घ्या, लूथरन मंडळ्यांत वाचनं ठरलेली असतात, काही ठिकाणी जुनी एका वर्षाची मालिका तर बऱ्याच ठिकाणी तीन वर्षांची, ज्यात एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक मुख्य असतो आणि योहान सणांना, पुनरुत्थानकाळात आणि मध्येमध्ये येतो. घरी मोठ्याने तीनदा वाचा, मनातल्या मनात वाचलेलं चालत नाही कारण जीभ कुठे अडखळते ते मनात कळत नाही. नावं आधीच पाळकांना विचारून घ्या. छापलेले मथळे वाचू नका, ते मूळ मजकुरात नाहीत. पौलाच्या पत्रांतली वाक्यं लांबलचक असतात तिथे श्वास कुठे घ्यायचा त्याच्या बारीक खुणा करा. शेवटी ‘हे प्रभूचे वचन आहे’ म्हणण्याआधी दोन श्वास थांबा, लोकांना वचन आत उतरवायला तेवढा वेळ लागतो. नाटकी आवाज नको, सपाट आवाजही नको, समोरच्या माणसाला एखादं महत्त्वाचं पत्र वाचून दाखवताना जसं वाचाल तसं.

मध्यस्थीची प्रार्थना

पहिल्या तीमथ्याच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की सर्व माणसांसाठी, राजांसाठी आणि सगळ्या अधिकाऱ्यांसाठी विनवण्या कराव्यात. म्हणून प्रार्थना फक्त आपल्या मंडळीतल्या आजाऱ्यांची यादी होऊ देऊ नका. जगभरची मंडळी, सरकार चालवणारे, ज्यांना काम नाही ते, आजारी, शोकात असलेले, आणि ज्यांच्याशी आपलं पटत नाही तेही. दिवसाच्या शुभवर्तमानातला एखादा शब्द प्रार्थनेत आला तर उत्तम, पण प्रार्थनेतून दुसरं प्रवचन देऊ नका, डोळे मिटलेल्या लोकांना देवाच्या आडून टोमणे मारणं हे चूकच आहे. आणि एक गोष्ट अगदी पाळा, आजारी माणसाचं नाव त्याला किंवा घरच्यांना विचारल्याशिवाय मोठ्याने घेऊ नका. नाव न घेताही देवाला कळतं.

गीतं

गीत म्हणजे मध्ये वेळ भरायची गोष्ट नव्हे. १५२४ मध्ये जे पहिलं लूथरन गीतपुस्तक छापलं गेलं त्यात फक्त आठ गीतं होती आणि त्यातली चार मार्टिन लूथर यांनी, म्हणजे ज्यांच्यावरून लूथरन हे नाव आलं त्या जर्मन धर्मसुधारकांनी, स्वतः लिहिली होती, का तर लोकांनी शिकवण तोंडाने गावी म्हणून. त्यामुळे गीत निवडताना चाल आवडते का हे नंतर बघा, आधी शब्द वाचा. ख्रिस्ताने काय केलं हे त्यात आहे का, की सगळं ‘मी, मी, मला असं वाटतं’ एवढंच आहे? प्रवचनाच्या आसपासचं गीत दिवसाच्या शुभवर्तमानाशी जुळणारं असावं, त्याला दिवसाचं मुख्य गीत म्हणतात आणि निवडीत सगळ्यात जास्त वेळ त्याला द्या. नवीन गीत आणायचं असेल तर पहिल्या रविवारी उपासनेआधी नुसतं ऐकवा, दुसऱ्या रविवारी गायकवृंदाने किंवा मुलांनी गावं, तिसऱ्या रविवारी सगळ्यांनी. एका उपासनेत एकाहून जास्त अनोळखी गीत नको.

तुम्ही काय करायचं नाही

ऑग्सबर्ग कबुलीजबाबाचं चौदावं कलम म्हणतं की रीतसर पाचारण झाल्याशिवाय कोणी मंडळीत जाहीरपणे शिकवू नये किंवा संस्कार (बाप्तिस्मा, प्रभूभोजन) देऊ नयेत. म्हणजे तुम्ही वर्ग घेताय तो पाळकांच्या आणि मंडळीच्या सोपवण्यावरून, आपल्या आपण नाही. पाळक नसतील त्या रविवारी तुम्हाला उपासना चालवायला सांगितलं तर बहुतेक मंडळ्यांत पाळकांनी लिहून दिलेलं किंवा मंजूर केलेलं प्रवचन वाचतात आणि प्रभूभोजन होत नाही. यात कमीपणा नाही. याला अपवाद एकच आहे आणि तो माहीत असायलाच हवा, जीव जाण्याची वेळ असेल आणि पाळक पोचू शकत नसतील तर कोणीही ख्रिस्ती माणूस पाणी घेऊन पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकतो, तो खरा बाप्तिस्मा असतो, नंतर मंडळीत येऊन सांगायचं आणि नोंद करायची.

वर्गात काय शिकवायचं: छोटा कॅटेकिझम

आता मुख्य गोष्ट. लूथर आणि त्यांचे सहकारी १५२८ च्या सुमारास सॅक्सनीतल्या गावोगावच्या मंडळ्या तपासायला फिरले आणि जे दिसलं त्याने त्यांना धक्का बसला, लोकांना प्रभूची प्रार्थना येत नव्हती, विश्वासांगीकार येत नव्हता आणि कित्येक पाळकांनाही शिकवता येत नव्हतं. त्यातून १५२९ मध्ये छोटा कॅटेकिझम, म्हणजे विश्वासाची मूळ शिकवण प्रश्नोत्तरांत सांगणारी पुस्तिका, आला, आणि तो आधी पुस्तक म्हणून नाही तर भिंतीवर लावायचे तक्ते म्हणून छापला गेला. घरातल्या कर्त्या माणसाने आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने कसं शिकवावं, असं प्रत्येक भागावर लिहिलेलं असे. म्हणजे हे पुस्तक मुळात शाळेचं नव्हतं, घराचं होतं. मी वर्गात पहिल्याच दिवशी हे आईवडिलांना सांगते आणि दर आठवड्याला एक पान घरी भिंतीवर लावायला देते, जेवायच्या जागेजवळ.

भाग सहा आहेत: दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापांगीकार, प्रभूभोजन. हा क्रम बदलू नका. १५२० मध्येच लूथरनी पहिल्या तिन्हीचा संबंध आजारी माणसाच्या उदाहरणाने सांगितला होता, आधी माणसाला कळायला हवं की आपल्याला काय आजार आहे, ते आज्ञा सांगतात, मग औषध कुठे आहे, ते विश्वासांगीकार सांगतो, मग ते मागायचं कसं, ते प्रभूची प्रार्थना शिकवते. लहान मुलांना हे एका वाक्यात कळतं आणि मोठ्यांना जन्मभर पुरतं.

शिकवायची पद्धतही लूथरनी प्रस्तावनेत सांगून ठेवली आहे आणि मी सुरुवातीची दोन वर्षं ती न वाचताच शिकवत होते, त्याचं मला आजही वाईट वाटतं. दर आठवड्याला नवीन चित्रं, नवीन शब्द, नवीन भाषांतर, मुलं खूष असायची पण वर्षाच्या शेवटी एकालाही विश्वासांगीकार सलग म्हणता येईना. प्रस्तावना सांगते: एकच शब्दरचना ठरवा आणि वर्षानुवर्षं तीच वापरा, कारण आज एक आणि उद्या दुसरी शिकवली तर लहान मुलं गोंधळतात आणि सगळी मेहनत वाया जाते. आधी शब्द जसेच्या तसे तोंडी बसवा. मग अर्थ. मग, आणि मगच, खोलात. तेव्हापासून मी पाळकांना विचारून एक भाषांतर पक्कं केलं आणि ते कधीच बदललं नाही.

प्रत्येक भागानंतर एक छोटा प्रश्न येतो, ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न मुलांना विचारायला द्या, तुम्ही एकटेच विचारू नका. एक मूल आज्ञा म्हणेल, दुसरं विचारेल ‘याचा अर्थ काय?’, सगळे मिळून उत्तर देतील. पहिल्या आज्ञेचा अर्थ आहे की सगळ्या गोष्टींहून जास्त आपण देवाचं भय धरावं, त्याच्यावर प्रीती करावी आणि भरवसा ठेवावा. पुढच्या प्रत्येक आज्ञेचा अर्थ ‘आपण देवाचं भय धरावं आणि त्याच्यावर प्रीती करावी’ इथूनच सुरू होतो, म्हणजे बाकीच्या नऊ आज्ञा पहिलीच्या पोटात आहेत. आणि प्रत्येक वेळी काय करू नये याबरोबर काय करावं तेही येतं. खून करू नको म्हणजे नुसतं मारू नको असं नाही, तर शेजाऱ्याच्या शरीराच्या गरजेत त्याला मदत कर. खोटी साक्ष देऊ नको म्हणजे त्याच्याबद्दल चांगलं बोल आणि त्याच्या वागण्याचा शक्य तितका चांगला अर्थ लाव. आठव्या आज्ञेवर मी पूर्ण दोन तास घालवते, कारण फोनवर कोणाविषयी काय पुढे पाठवायचं हा प्रश्न त्या वयातल्या मुलांच्या खिशात रोज असतो.

इथे एक अडचण नक्की येईल. दुसऱ्या चर्चमधून आलेल्या कुटुंबातलं मूल म्हणेल की खुनाची आज्ञा सहावी आहे, तुम्ही पाचवी कशी म्हणता. शास्त्रात दहा वचनं असं म्हटलंय पण आकडे घातलेले नाहीत. लूथरन आणि रोमन कॅथलिक मूर्तींची गोष्ट पहिल्या आज्ञेतच धरतात आणि लोभाच्या दोन आज्ञा मोजतात, इतर बरीच प्रोटेस्टंट चर्चेस मूर्तींची वेगळी दुसरी मोजतात आणि लोभाची एक. मजकूर तोच आहे. मुलाला चूक ठरवू नका, त्याच्या घरच्यांनी त्याला शिकवलं याचं आधी कौतुक करा.

विश्वासांगीकार पूर्वी बारा भागांत मोडायचे, लूथरनी तीन केले: पिता आणि निर्मिती, पुत्र आणि तारण, आत्मा आणि पवित्रीकरण. तिसऱ्या भागाच्या अर्थाची सुरुवात मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते, तिथे लिहिलंय की मी माझ्या स्वतःच्या बुद्धीने किंवा ताकदीने येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही किंवा त्याच्याकडे येऊ शकत नाही, पवित्र आत्म्याने मला शुभवर्तमानाने बोलावलं. एखादा किशोरवयीन मुलगा येऊन हळू आवाजात म्हणतो की मला आतून काही वाटतच नाही, माझा विश्वास खोटा आहे का, तेव्हा हेच वाक्य उघडून त्याच्यासमोर ठेवा. त्याला आणखी जोर लावायला सांगू नका.

प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ हे आलं की मुलांना फळ्यावर यादी करायला लावा की भाकर म्हणजे काय काय. कॅटेकिझमच्या यादीत अन्न, कपडे, घर, चांगलं सरकार, चांगलं हवामान, शांतता, आरोग्य, चांगले मित्र आणि विश्वासू शेजारी हे सगळं आहे. त्यांची यादी लूथरच्या यादीशेजारी लिहा.

क्षमेबद्दलचा प्रश्न

माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं, ‘मी काय केलंय ते पाळकांना माहीतच नाही, मग ते क्षमा झाली असं कसं म्हणतात?’ मी तेव्हा काहीतरी सारवासारव केली आणि तिचं समाधान झालं नाही हे मला दिसलं. घरी येऊन योहानाचा विसावा अध्याय पुन्हा वाचला, उठलेला येशू शिष्यांवर फुंकर घालतो आणि म्हणतो की ज्या कोणाच्या पापांची तुम्ही क्षमा करता त्यांची क्षमा झाली आहे. पुढच्या आठवड्यात तिला सांगितलं की पाळक स्वतःच्या खिशातून क्षमा देत नाहीत, ती येशूची आहे आणि त्याला सगळं माहीत आहे, पाळकांना फक्त ती हातात आणून द्यायला पाठवलंय. कॅटेकिझम म्हणतो पापांगीकाराचे दोन भाग, एक आपण पाप कबूल करतो, दुसरं आपण पाळकांकडून क्षमा अशी स्वीकारतो जशी ती खुद्द देवाकडून आली, आणि शंका धरत नाही. त्या मुलीने विचारलं, ‘मग मला एकटीला जाऊन ऐकता येईल?’ हो, येईल. ऑग्सबर्ग कबुलीजबाबाने खाजगी पापक्षमा ठेवलीच आहे, ती फक्त सक्तीची नाही आणि सगळी पापं मोजून सांगायची अट नाही. बऱ्याच लूथरन लोकांना हे माहीतच नसतं. तुमच्या वर्गाला नक्की सांगा आणि पाळकांची वेळही सांगा. आणि एखाद्या मुलाने तुम्हाला असं काही सांगितलं की त्याला कोणी त्रास देतंय, मारतंय, तर ते पाप कबूल करणं नव्हे, ते संकट आहे, ते झाकून ठेवायचं नाही, त्याच दिवशी त्याच्या सुरक्षिततेसाठी योग्य ठिकाणी कळवा.

नियम आणि शुभवर्तमान

प्रवचन ऐकताना मुलांनी काय लिहावं असं सगळे विचारतात. मी एका कागदावर दोन रकाने देते. एकात: आज वचनाने माझं काय दाखवून दिलं? दुसऱ्यात: आज येशूने मला काय दिलं? पहिला नियम, दुसरा शुभवर्तमान. वयाने मोठ्या मुलांना सांगा की नियम आवर घालतो, आरसा दाखवतो आणि वाटही दाखवतो, पण तो जीव देत नाही, जीव शुभवर्तमान देतं. तुमच्या स्वतःच्या धड्यालाही हेच माप लावा. धडा ‘म्हणून आपण चांगलं वागायचं’ इथे संपला तर तो अपुरा आहे, मुलांना घरी न्यायला ख्रिस्त मिळालाच नाही.

लहानांसाठी लूथरनीच एक युक्ती सांगून ठेवली आहे, १५२६ मध्ये जर्मन भाषेतल्या उपासनेचा क्रम छापताना. मुलांनी प्रवचनातून वचनं वेचून आणायची आणि मनातल्या दोन थैल्यांत टाकायची, एक विश्वासाची सोन्याची थैली, एक प्रीतीची चांदीची, प्रत्येकीत दोन कप्पे. विश्वासाच्या एका कप्प्यात आपण पापी आहोत हे सांगणारं वचन, दुसऱ्यात ख्रिस्ताने आपल्याला सोडवलं हे सांगणारं. प्रीतीच्या एकात सगळ्यांचं भलं करा, दुसऱ्यात वाईट सोसा. मी खरोखर कापडाच्या दोन थैल्या शिवल्यात आणि मुलं चिठ्ठ्या टाकतात.

प्रभूभोजनाची तयारी

पहिल्यांदा कधी घ्यायचं, कोणाला देतात, पाहुण्यांचं काय, हे मंडळीनुसार खूप वेगळं असतं, पाळकांना विचारून तेच मुलांना सांगा. पण शिकवण एकच आहे, भाकर आणि द्राक्षारसात, त्यांच्यासह, ख्रिस्ताचं खरं शरीर आणि रक्त आपल्याला मिळतं, पापांच्या क्षमेसाठी. कसं, हे समजावायला जाऊ नका, ख्रिस्ताने तसं म्हटलंय एवढं पुरे. योग्य कोण, या प्रश्नावर कॅटेकिझमचं उत्तर आहे की उपास आणि बाहेरची तयारी चांगलीच, पण खरा योग्य तो जो ‘तुमच्यासाठी दिलेले’ आणि ‘ओतलेले’ या शब्दांवर विश्वास ठेवतो. ‘तुमच्यासाठी’ हा शब्द फळ्यावर मोठा लिहा. प्रत्येक मुलाला तो मोठ्याने वाचायला लावा आणि मग त्याच्याकडे बघून म्हणा, ‘तुझ्यासाठी.’

कन्फर्मेशनबद्दल थोडंच. तो संस्कार नाही, बाप्तिस्म्यात काही कमी राहिलं म्हणून तो भरून काढत नाही. आईवडील त्याला शाळा सुटल्यासारखं समजतात आणि मुलं त्यानंतर दिसेनाशी होतात, म्हणून त्या दिवसाच्या आधीच प्रत्येक मुलाला उपासनेत पुढचं काम द्या, वाचन, गायन, मेणबत्त्या, लहानांच्या वर्गात मदत. जे मूल पाठ करू शकत नाही त्याला परीक्षेच्या भीतीने अडवू नका, ते गाऊन, चित्राने, तुमच्या मागून म्हणून शिकेल.

वर्षाचे रंगही शिकवा, नाताळाआधीच्या आगमनकाळात निळा किंवा जांभळा, नाताळ आणि पुनरुत्थानकाळात पांढरा, लेंटमध्ये, म्हणजे पुनरुत्थानदिनाआधीच्या उपासकाळात, जांभळा, पेन्टेकॉस्टला (पवित्र आत्मा आल्याच्या सणाला) आणि ३१ ऑक्टोबरच्या धर्मसुधारणा दिनाला लाल, मधल्या लांब काळात हिरवा. लेंटमध्ये हालेलुया थांबतं आणि पुनरुत्थानाच्या सकाळी परत येतं. मुलांना ते कागदावर लिहून चाळीस दिवस पेटीत ठेवायला द्या, त्या सकाळी पेटी त्यांनीच उघडायची.

तुमची स्वतःची तयारी

मोठ्या कॅटेकिझमच्या प्रस्तावनेत लूथर सांगतात की मी धर्मपंडित आणि उपदेशक असूनही रोज सकाळी लहान मुलासारखा आज्ञा, विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना शब्द न् शब्द म्हणतो, आणि मला या पुस्तकाचा विद्यार्थीच राहायचंय. शिकवणाऱ्याने हे सोडलं की वर्ग कोरडा पडतो, मुलांना ते लगेच कळतं. १५३५ मध्ये त्यांनी आपल्या पीटर नावाच्या न्हाव्याला प्रार्थना कशी करावी ते लिहून दिलं, त्यातली पद्धत मी धड्याच्या तयारीला वापरते. एक आज्ञा घ्यायची आणि तिचे चार पदर करायचे, यात मला काय शिकवलंय, कशाबद्दल आभार मानू, काय कबूल करू, काय मागू. दहा मिनिटं पुरतात. वर्गातल्या मुलांची नावं चौथ्या पदरात घ्या, एकेक करून.

शनिवारी रात्री वाचनाच्या पानांवर खूण घाला, वर्गाचे कागद एका पिशवीत ठेवा. मग कॅटेकिझमच्या शेवटी संध्याकाळची जी प्रार्थना आहे ती म्हणा, तिच्याखाली लूथरनी लिहिलंय की यानंतर लगेच आणि आनंदाने झोपायचं. धडा अजून नीट बसला नाही असं वाटत असलं तरी.